बिऱ्हाड हलवताना राउटर मागं ठेवू नका

सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गुरुजी काही दिवसांपूर्वी ओपीडीत आले. सोबत काकू होत्या. तक्रार चक्करची. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, आदल्या दिवशी तर न्हाणीघराच्या दारात तोल गेला होता. छातीत पेसमेकर बसवलेला असल्यानं दोघंही घाबरलेले होते.

ईसीजी काढला. पेसमेकर आपलं काम चोख करत होता. मग झोपवून आणि उभं करून बीपी मोजलं, तर उभं राहिल्यावर ते बरंच उतरत होतं. विचारपूस केल्यावर उलगडा झाला. आठवड्यापूर्वीच त्यांनी वस्तीवरचं घर सोडून अकलूजमध्ये फ्लॅटवर बिऱ्हाड आणलं होतं. त्या धावपळीत जेवणपाण्याचं वेळापत्रक कोलमडलं. औषधांचा डबा कुठल्याशा खोक्यात गेला होता. तो सापडल्यावर राहिलेल्या बीपीच्या गोळ्या गुरुजींनी सकाळ-संध्याकाळ दुप्पट घेतल्या होत्या.

“पुण्याचा मुलगा रोज व्हिडिओ कॉलवर गोळ्या बघून सांगतो ना तुम्हाला?” मी विचारलं.

काकू म्हणाल्या, “फ्लॅटमध्ये रेंजच नाही, डॉक्टर. फोन करायला गच्चीवर जावं लागतं. काल हे पडता पडता वाचले, तेव्हाही मी आधी जिनाच चढले.”

“आणि वाय-फाय?”

“राउटर जुन्या घरीच ठेवला. पेसमेकरवाल्याच्या घरात तो नको, असं कुणीतरी सांगितलं.”

हे बोलणं चालू असताना गुरुजींचा मोबाइल वाजला. तो होता शर्टाच्या डाव्या खिशात, बरोबर पेसमेकरच्या वर.

भीती कशाची धरावी?

पेसमेकर गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवतात. हृदयातले काही मिलिव्होल्टचे विद्युत संकेत तो सतत ‘ऐकत’ असतो आणि गरज पडली की स्वतः ठोका देतो. बाहेरचा एखादा संकेत त्यानं हृदयाचा समजू नये म्हणून यंत्राला धातूचं कवच असतं आणि आत गाळण्या बसवलेल्या असतात. त्याला खरा त्रास होऊ शकतो तो अगदी जवळ आलेल्या चुंबकाचा. चुंबक जवळ आलं की काही यंत्रं आपली कामाची पद्धत बदलतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१ मध्ये पेसमेकरधारकांना मोबाइल आणि स्मार्टवॉच यंत्रापासून किमान ६ इंच दूर ठेवायला सांगितलं, ते यामुळंच. घरातल्या राउटरसाठीही साधारण तेवढंच अंतर सांगितलं जातं. हॉलच्या फळीवरचा राउटर छातीपासून ६ इंचांवर येणार तरी कसा? खिशातला मोबाइल मात्र येतो. आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकात याहून जास्त अंतर दिलं असेल, तर ते पाळावं.

ज्यांना पेसमेकर नाही, तेही विचारतात, “डॉक्टर, वाय-फायच्या लहरींनी कॅन्सर होतो का?” वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतो. क्ष-किरणांप्रमाणे पेशीतले रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. घरगुती राउटर साधारण एक दशांश वॅटच्या आसपास शक्ती बाहेर टाकतो, आणि अंतर दुप्पट झालं की तिची तीव्रता चौथाईवर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२ ब’ गटात टाकलं, हे खरं आहे. या गटाचा अर्थ ‘शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा आहे’ असा होतो. पूर्व आशियातल्या पारंपरिक पद्धतीनं मुरवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. रेंज कमी असली की मोबाइल टॉवर गाठण्यासाठी आपली शक्ती वाढवतो. म्हणजे लहरींच्या भीतीनं राउटर मागं ठेवायचा आणि कमी रेंजचा फोन कानाला लावून बोलत राहायचं, हा सौदा तोट्याचाच आहे.

राउटर हलवताना

आधी डबा कुणाचा ते पाहा. फायबरची तार ज्यात जाते तो डबा बहुतेक वेळा कंपनीचा असतो. राउटर वेगळा असेल, तर तो तुमचा असू शकतो. बिल किंवा अनामत रकमेची पावती पाहिली की कळतं. घर बदलण्याच्या आठ-दहा दिवस आधी कंपनीला कळवा आणि नव्या पत्त्यावर त्यांची सेवा आहे का ते विचारा. कंपनी बदलणार असाल, तर त्यांचा डबा परत करून पावती घ्या.

तारा काढण्यापूर्वी फोटो काढून ठेवा. अडॅप्टर राउटरसोबतच बांधा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागला, तर तो जळू शकतो. मागचं रीसेटचं बारीक छिद्र टोचू नका, कंपनीची मांडणी पुसली जाते. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तेच राहिले, तर घरातले सगळे फोन आपोआप जोडले जातात. म्हाताऱ्या माणसांना याचा मोठाच आधार.

फायबरची तार स्वतः ओढू किंवा कापू नका. आतला काचेचा धागा केसाएवढा बारीक असतो. त्याचा तुकडा बोटात गेला की दिसत नाही, पण सलत राहतो. तारेच्या टोकात डोकावूही नका. त्यातून जाणारा लेझर डोळ्यांना न दिसणारा असतो, त्यामुळं पापणी आपोआप मिटत नाही.

नव्या घरात राउटर मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. लोखंडी कपाटामागं किंवा मायक्रोवेव्हजवळ नको. वीज गेली की तोही बंद पडतो, म्हणून घरात आजारी माणूस असेल, तर राउटरचा छोटा यूपीएस घेणं शहाणपणाचं. अगदीच निकामी झालेला राउटर भंगारात न टाकता ई-कचरा संकलनात द्या. कुणाला वापरायला देत असाल, तर मात्र रीसेट करूनच द्या.

आणि सामान लावण्याआधी एक काम करा. आतल्या खोलीतून आणि न्हाणीघराजवळून फोन लागतो का ते पाहा. लागत नसेल, तर फोनमधलं वाय-फाय कॉलिंग सुरू करा. तरीही घरात मोबाइलची रेंज नक्की कुठं मिळते, ते सगळ्यांना दाखवून ठेवा. १०८ ला फोन करायची वेळ सांगून येत नाही.

गुरुजींच्या गोळ्यांचं वेळापत्रक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, पाणी नीट प्यायला सांगितलं आणि मोबाइल पँटच्या खिशात ठेवायला लावला. पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा चक्कर थांबली होती. राउटर वस्तीवरून आणून हॉलमधल्या फळीवर ठेवला होता. “मुलगा आता रोज संध्याकाळी गोळ्यांची हजेरी घेतो,” गुरुजी म्हणाले. “जन्मभर मी घेतली, आता माझी पाळी.”