सहभागी संनियंत्रण व मूल्यमापन, कृषिविकासातील

कृषिविकासाचा कार्यक्रम चालू असताना त्याच्या प्रगतीची नियमित नोंद ठेवणे म्हणजे संनियंत्रण आणि त्यातून साधलेल्या परिणामांची ठरावीक टप्प्यावर पारख करणे म्हणजे मूल्यमापन. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आखलेला असतो, ते शेतकरी व शेतमजूर ही दोन्ही कामे शासकीय वा स्वयंसेवी यंत्रणेच्या बरोबरीने करतात, तेव्हा त्या पद्धतीस सहभागी संनियंत्रण व मूल्यमापन असे म्हणतात. काय मोजावयाचे, कोणी मोजावयाचे, आकड्यांचा अर्थ कोणी लावावयाचा व त्यावरून निर्णय कोणी घ्यावयाचा, हे तिच्यातील चार मुख्य प्रश्न होत. पाहणी करणाऱ्याच्या प्रश्नांना गावकऱ्यांनी उत्तरे दिली, एवढ्याने सहभाग सिद्ध होत नाही. नोंदलेली माहिती निर्णयाच्या वेळी नोंदणाऱ्याच्या हाती असणे ही त्याची खरी खूण आहे.

पार्श्वभूमी : भारतात समूह विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला व त्याच महिन्यात नियोजन आयोगाच्या अखत्यारीत कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन करण्यात आली. विकासकार्याचे स्वतंत्रपणे परीक्षण करण्याचा हा महत्त्वाचा प्रारंभिक प्रयत्न होता; तथापि परीक्षक बाहेरचे असत आणि अहवाल वरिष्ठ कार्यालयांकडे जात. या कार्यक्रमात लोकांचा पुढाकार अपुरा असल्याचे बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये दाखवून दिले. तरीही वाटलेले बियाणे, बांधलेले बंधारे व खर्ची पडलेला निधी यांच्या मोजदादीवरच पुढील अनेक वर्षे भर राहिला. १९८० नंतर रॉबर्ट चेंबर्स यांसारख्या अभ्यासकांनी या रीतीतील उणिवा स्पष्ट केल्या. धावत्या भेटीत रस्त्यालगतची गावे, कोरडा ऋतू व पुढारलेले शेतकरीच अधिक दिसतात, हे त्यांचे एक महत्त्वाचे निरीक्षण होय. १९९० च्या सुमारास भारतातील स्वयंसेवी संस्थांनी ग्रामीण सहभागी समीक्षेच्या पद्धती रुजविण्यात मोठा वाटा उचलला.

पद्धती : शिवारफेरी, गावकऱ्यांनी जमिनीवर रेखाटलेला गावाचा नकाशा, पाऊस, काम, चारा व उधारी यांचा ऋतुवार तक्ता, बिया वा खडे मांडून ठरविलेला पसंतीक्रम आणि चावडीवरील नोंदफलक ही यांतील प्रमुख साधने होत. निदर्शकही गावकरीच सुचवितात. पाणलोट क्षेत्र विकासाच्या कामात अधिकारी चरांची लांबी मोजतो. शेतकरी मात्र विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते हे पाहतो. चारा विकत घ्यावा लागला की नाही, किती कुटुंबे ऊसतोडीस गेली, यांवरून मजूर कुटुंब त्याच कामाची पारख करते.

शेतीशाळा : भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या उपद्रवानंतर इंडोनेशियाने १९८६ मध्ये ५७ कीटकनाशकांचा भातासाठी वापर करण्यास बंदी केली. १९८९ पासून तेथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारे २५ शेतकऱ्यांचा गट हंगामभर दर आठवड्यास शेतात उतरून किडी व त्यांना खाणारे कोळी, भुंगेरे इ. मोजतो, आढळलेल्या गोष्टींचे चित्र काढतो आणि फवारणी आवश्यक आहे की नाही, हे चर्चेने ठरवितो. येथे नोंद व निर्णय यांत अंतर राहत नाही.

भूजलाचा ताळेबंद : अविभाजित आंध्र प्रदेशाच्या सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील सुमारे ६५० गावांत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्प राबविण्यात आला. गावातील स्त्री-पुरुष स्वयंसेवक रोजचा पाऊस व दर पंधरवड्यास निरीक्षण विहिरींची पातळी नोंदवीत आणि रब्बीपूर्वी एकत्र बसून पिकांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडीत. यामागील गणित सोपे आहे. एक हेक्टरवर १ मिमी. पाऊस म्हणजे १० घ.मी. पाणी. ५०० हेक्टरांच्या शिवारात ४०० मिमी. पाऊस झाला, तर २० लाख घ.मी. पाणी पडते. त्याचा दहावा हिस्सा जमिनीत मुरला असे मानल्यास २ लाख घ.मी. भूजल मिळते. एक हजार लोकवस्तीस दरडोई रोज ५५ लि. प्रमाणे वर्षभर लागणारे सुमारे २० हजार घ.मी. वगळता १ लाख ८० हजार घ.मी. उरते. एकूण ५०० मिमी. सिंचन लागणारे पीक त्यावर ३६ हेक्टरच निघते. गावाचा बेत ६० हेक्टरांचा असेल, तर तूट पेरणीपूर्वीच दिसते. ती दिसली नाही, तर पीक ऐन भरात असताना विहिरी आटतात, कर्ज काढून नवी कूपनलिका घेतली जाते व तिच्यामुळे शेजाऱ्याचे पाणी खालावते. या प्रकल्पात सक्ती वा अनुदान नव्हते. पीकबदलाचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा होता.

महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या ग्रामसभेने पाण्याचा असाच ताळेबंद रूढ केला. तेथे सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर आणि ऊस व केळी या पिकांवर गावाने स्वतःच बंधने घातली. महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी २०१९ मध्ये आरंभिलेल्या अटल भूजल योजनेत लोकसहभागातून जलसुरक्षा आराखडे व पाण्याचे अंदाजपत्रक करण्याची तरतूद होती.

मर्यादा : ग्रामसभेत सर्वांचा आवाज सारखा नसतो. भूमिहीन, स्त्रिया व कोरडवाहू शेतकरी यांचे गट वेगळे बसविले नाहीत, तर बागायतदारांचे निदर्शक गावाचे म्हणून नोंदले जातात. बिनमोबदला मोजणीचा वेळ गरिबास परवडत नाही. गावोगावचे निदर्शक भिन्न असल्याने राज्यस्तरीय तुलना अवघड होते. पुढील हप्ता आकड्यांवर अवलंबून असेल, तर नोंदी फुगविण्याचा मोह होतो. शिवाय सहभागी व्यक्तींचे समाधान हा परिणामाचा पुरेसा पुरावा नव्हे : इंडोनेशियातील शेतीशाळांचा सरासरी उत्पादनावर वा कीटकनाशकांच्या वापरावर लक्षणीय प्रभाव जागतिक बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांना २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळला नाही, अन्य काही मूल्यमापनांनी मात्र फवारणी घटल्याचे नोंदविले आहे. म्हणून स्वतंत्र तज्ञांचे मूल्यमापन आणि गावाची स्वतःची नोंद ही परस्परांस पर्यायी नसून पूरक आहेत. पहिल्याने निधी देणाऱ्यास कार्यक्रमाचे फलित कळते. दुसरीमुळे शेतकऱ्यास पेरणीपूर्वी आपली चूक दुरुस्त करता येते. नोंदवही केवळ वरिष्ठांसाठी भरली जाऊ लागली, की पद्धतीचे नाव सहभागी राहूनही तिचा हा उपयोग नाहीसा होतो.