मोटार-अवलंबित्व

मोटार-अवलंबित्व म्हणजे शहराची किंवा प्रदेशाची अशी रचना, जिच्यात स्वतःच्या मोटारगाडीवाचून नोकरी, शिक्षण, बाजारहाट, औषधोपचार यांसारखी रोजची कामे करणे अवघड किंवा अशक्य होते. ही संकल्पना नगररचना, वाहतूक अभियांत्रिकी, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांत वापरली जाते. मोटारींची संख्या मोठी असणे आणि मोटारीवर अवलंबून असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वित्झर्लंडमध्ये मोटारमालकीचे प्रमाण मोठे आहे. परंतु रेल्वे, ट्राम आणि बस यांचे जाळे दाट असल्यामुळे मोटार नसलेल्या व्यक्तीचेही तेथे अडत नाही. याउलट, अमेरिकेच्या अनेक उपनगरांत मोटार नसलेली व्यक्ती दैनंदिन व्यवहारांतून जवळजवळ वगळली जाते. त्यामुळे मोटार-अवलंबित्व हा केवळ व्यक्तीच्या आवडीचा प्रश्न नसून उपलब्ध पर्यायांचा, आणि म्हणून सामाजिक न्यायाचाही प्रश्न मानला जातो.

संकल्पना

ही संज्ञा रूढ होण्यास पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी या ऑस्ट्रेलियातील संशोधकांचा १९८९ मधील ग्रंथ मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला. त्यांनी जगातील ३२ शहरांची तुलना करून विरळ वस्तीच्या शहरांत दरडोई पेट्रोलचा वापर अधिक असल्याचे दाखवले. उत्पन्न आणि इंधनाचे दर यांचाही वापरावर परिणाम होतो, केवळ लोकवस्तीच्या घनतेवरून निष्कर्ष काढता येत नाही, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला.

त्याआधी, १९७० च्या दशकात, विचारवंत इव्हान इलिच यांनी ‘मूलगामी मक्तेदारी’ ही कल्पना मांडली होती. एखादी कंपनी बाजारपेठ काबीज करते ती साधी मक्तेदारी. एखादे साधन इतके सर्वव्यापी होते की त्यावाचून गरज भागवण्याचे जुने मार्गच नष्ट होतात, ती मूलगामी मक्तेदारी. मोटारींना सोयीचे व्हावे म्हणून अंतरे वाढली की पायी चालणे निरुपयोगी ठरते, हे त्यांचे प्रमुख उदाहरण होते. मोटार चालवणे, ती उभी करणे आणि तिचा खर्च भागवण्यासाठी काम करणे हा सारा वेळ धरल्यास सर्वसाधारण अमेरिकी पुरुष ७,५०० मैलांसाठी वर्षाला १,६०० तासांहून अधिक वेळ देतो, म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी भरतो, असे गणित त्यांनी मांडले होते.

इतिहास

फोर्ड कंपनीने १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली आणि १९१३ पासून सरकत्या जुळणी-पट्ट्यावर तिचे उत्पादन सुरू केले. किंमत उतरत गेल्याने मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्या काळी रस्ता हे पादचारी, फेरीवाले, घोडागाड्या, ट्राम आणि खेळणारी मुले या सर्वांचे सामाईक स्थान होते. अपघाती मृत्यू वाढू लागल्यावर अमेरिकी शहरांत मोटारींविरुद्ध तीव्र जनमत तयार झाले. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात मोटारींना ताशी २५ मैलांवर वेग रोखणारे यंत्र बसवणे सक्तीचे करावे, असा प्रस्ताव मतदानास आला. मोटार व्यावसायिकांनी त्याविरुद्ध जोरदार प्रचार केला आणि तो फेटाळला गेला. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांना ठरावीक ठिकाणीच रस्ता ओलांडण्यास भाग पाडणारे नियम लागू केले. रस्ता कोठेही ओलांडणाऱ्यास ‘जेवॉकर’ म्हटले जाऊ लागले. यातील ‘जे’ हा शब्द गावंढळ माणसासाठी वापरला जाई. अशा रीतीने अपघाताचा दोष हळूहळू वाहनाकडून पादचाऱ्याकडे सरकला.

१९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यूक्लिड गावाच्या खटल्यात भूवापर-विभाजनाचे नियम वैध ठरवले. त्यानंतर निवासी भाग, दुकाने आणि कारखाने वेगवेगळे ठेवण्याची पद्धत देशभर पसरली आणि रोजची ठिकाणे एकमेकांपासून दूर गेली. अनेक शहरांतील ट्राम याच काळात बंद पडल्या. शहरी वाहतूक कंपन्यांना बस व इतर साहित्य विकण्यात मक्तेदारी करण्याचा कट रचल्याबद्दल जनरल मोटर्ससह काही कंपन्यांना १९४९ मध्ये दोषी ठरवण्यात आले. तथापि ट्रामच्या ऱ्हासामागे गोठवलेले भाडेदर, तोट्यातील कंपन्या आणि मोटारींची गर्दी हीदेखील कारणे होती, असे इतिहासकार नमूद करतात. १९५६ च्या महामार्ग कायद्याने सुमारे ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांना मंजुरी दिली आणि त्यांच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलला.

आर्थिक वर्ग आणि न्याय

महामार्ग कोठून न्यायचे, या निर्णयांत वर्ग आणि वंश यांचा मोठा वाटा होता. सेंट पॉल शहरातील रोंडो आणि डेट्रॉइटमधील ब्लॅक बॉटम या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या महामार्गांसाठी आणि नागरी पुनर्विकासासाठी उद्ध्वस्त झाल्या. ज्यांची घरे पाडली गेली, त्यांपैकी अनेकांकडे त्या महामार्गावरून जाण्यासाठी मोटार नव्हती. उपनगरांतील रहिवाशांचा शहरात येण्याजाण्याचा वेळ मात्र वाचला.

अमेरिकी कुटुंबांच्या खर्चात घरापाठोपाठ वाहतुकीचा क्रमांक लागतो. अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मोटारीचे कर्ज, विमा, दुरुस्ती आणि इंधन हा बोजा उत्पन्नाच्या मानाने अधिक जड जातो. पण मोटार नसेल तर नोकरीच हातची जाण्याची शक्यता असते. अनेक राज्यांत दंड न भरल्यास वाहनपरवाना निलंबित होतो. अशा वेळी दंड फेडण्यासाठी कामावर जावे तर परवान्याविना गाडी चालवावी लागते, आणि पकडले गेल्यास नवा दंड होतो. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाच्या वेळी न्यू ऑर्लिन्स शहर रिकामे करण्याचा आदेश निघाला, तेव्हा तेथील सुमारे एक चतुर्थांश कुटुंबांकडे मोटार नव्हती. शहर सोडण्याची योजना मात्र मुख्यतः खाजगी वाहनांवर विसंबलेली होती.

मुले, वृद्ध, दृष्टिहीन व्यक्ती आणि वाहन चालवू न शकणारे इतर लोक यांनाही अशा रचनेची झळ पोहोचते. दुसरीकडे, काही अपंग व्यक्तींसाठी मोटार हेच सर्वांत सुकर साधन असते.

प्रचलित धारणा आणि त्यांवरील मतभेद

‘मोटार म्हणजे स्वातंत्र्य’ ही सर्वांत रूढ धारणा आहे, आणि तिला ऐतिहासिक आधारही आहे. १९५५-५६ मधील माँटगोमेरी बस बहिष्काराच्या वेळी कृष्णवर्णीय नागरिकांनी आपल्या मोटारींतून सामूहिक प्रवासाची व्यवस्था उभी केल्यामुळे तो बहिष्कार वर्षभराहून अधिक काळ टिकला. मात्र पर्याय उरला नाही की हेच स्वातंत्र्य सक्तीचे रूप घेते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

‘रस्त्यांचा खर्च मोटारचालकच करातून भागवतात’ ही दुसरी धारणा होय. अमेरिकेत केंद्र सरकारचा पेट्रोलवरील कर १९९३ पासून प्रति गॅलन १८.४ सेंटवर स्थिर आहे. महामार्ग निधी अपुरा पडू लागल्याने २००८ पासून त्यात सर्वसाधारण तिजोरीतून वेळोवेळी भर घालावी लागली आहे. म्हणजेच मोटार नसलेला करदातासुद्धा त्याचा वाटा उचलतो. वाहनतळांबाबत डोनाल्ड शूप यांनी २००५ मधील ग्रंथात असाच युक्तिवाद केला: फुकट दिसणाऱ्या वाहनतळाची किंमत घरभाड्यात आणि वस्तूंच्या किमतींत मिसळलेली असते आणि ती सर्वांकडून वसूल होते.

‘रस्ता रुंद केला की कोंडी सुटते’ या समजुतीस संशोधनाने छेद दिला आहे. जील द्युरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकी महानगरांत महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, साधारण त्याच प्रमाणात मोटारींचा प्रवासही वाढतो. यास ‘प्रेरित मागणी’ म्हणतात.

विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे धुराड्यातून निघणारे प्रदूषण टळते. तथापि त्या रस्त्यावर आणि वाहनतळावर तितकीच जागा व्यापतात, टायरच्या झिजेतून सूक्ष्म कण सोडतात आणि ज्याला मोटार परवडत नाही त्याच्या अडचणी तशाच ठेवतात. त्यामुळे केवळ तंत्रज्ञान बदलल्याने अवलंबित्व कमी होत नाही, असे अनेक नगररचनाकार मानतात.

उपाय

नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकाच्या प्रारंभी रस्त्यांवर दरवर्षी तीन हजारांहून अधिक लोक मरत होते आणि त्यांत शेकडो मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ या अर्थाच्या नावाने सुरू झालेली चळवळ आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे तेथे सायकलमार्गांना आणि संथ गतीच्या निवासी रस्त्यांना प्राधान्य मिळाले. सिंगापूरने १९७५ मध्ये आणि लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावले.

पर्याय न देता केवळ शुल्क वाढवल्यास त्याचा फटका गरिबांनाच बसतो, असाही आक्षेप आहे. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनकरातील वाढीविरुद्ध उसळलेल्या ‘पिवळे जॅकेट’ आंदोलनात ग्रामीण आणि शहरांबाहेरील भागांतील, मोटारीवाचून कामावर जाऊ न शकणारे अनेक लोक सहभागी होते.

भारतातील स्थिती

भारतात मोटारमालकी अल्प असूनही रस्त्यांची आखणी मोटारींना अनुकूल होत गेली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार, जीप किंवा व्हॅन होती, तर सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीस महत्त्व द्यावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात नमूद आहे.

मुंबईतील ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. बहुसंख्य मुंबईकर उपनगरी रेल्वे, बस किंवा पायी प्रवासावर अवलंबून असले, तरी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शहरात मोठ्या संख्येने उड्डाणपूल बांधले गेले. २००९ मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पादचारी, दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना मनाई आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात सायकलींची जागा प्रामुख्याने स्वयंचलित दुचाकींनी घेतली. तेथे २००६ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली आणि २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार लोक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीस्वार आणि १९ टक्क्यांहून अधिक पादचारी होते.