वेगळा विदर्भ झाला तर आपल्या दाखल्याचे काय?

निवडणूक जवळ आली की वेगळ्या विदर्भाचा विषय निघतो आणि मतमोजणी झाली की पुन्हा बासनात बांधला जातो. १ मे आला की नागपुरात कुणी काळे झेंडे दाखवतो, मुंबईत संचलन होते, आणि आमच्या मोताळ्यात नेहमीप्रमाणे बाजार भरतो. पण विहारात वंदना आटोपली की तरुण मंडळी विचारतातच, "काका, बाबासाहेब तर छोट्या राज्यांच्या बाजूचे होते ना? मग आपला समाज या प्रश्नावर गप्प का?"

प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे ही कल्पना नाकारली होती. मराठी मुलखाची त्यांनी चार राज्ये सुचवली: मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र, मध्य महाराष्ट्र आणि पूर्व महाराष्ट्र. पूर्व महाराष्ट्राच्या यादीत आपला बुलढाणा जिल्हा आहे. त्यांचे कारण केवळ कारभाराच्या सोयीचे नव्हते. भाषिक राज्यात गावोगावची एक बहुसंख्य जात सत्ता बळकावते आणि अल्पसंख्य समाज तिच्या दयेवर जगतो, ही त्यांची खरी भीती होती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळाने केला आणि त्यापायी आपल्या बांधवांची घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला १९९४ साल उजाडले. भीती खरी होती की खोटी, हे यावरून वाचकांनीच ठरवावे.

तरीही "बाबासाहेब म्हणाले" एवढ्यावर विषय संपवणे आम्हाला पटत नाही. त्यांनीच आपल्याला हिशेब मांडायला शिकवले. म्हणून थोडा हिशेब मांडू.

आपण घर बदलण्याची ही पहिली वेळ नाही. वऱ्हाड निजामाचा होता, तो १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. १९५० मध्ये त्या प्रांताचे मध्यप्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मध्यप्रदेश सोडून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. आपल्या आजीने मोताळ्याची वेस न ओलांडता तीन राज्ये पाहिली! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली तेव्हा नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. पुढे अठरा दिवसांत तिचे राजधानीपण गेले. धम्माचे नवे घर मिळाले आणि राज्याचे जुने घर सुटले, ते एकाच पंधरवड्यात म्हणा ना.

हे घर सोडताना आपल्याला कुणी विचारले नाही. उलट, फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशीच शिफारस केली होती, ती दिल्लीने मानली नाही. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ रोजी पुढाऱ्यांचा नागपूर करार झाला होता. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा, नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ, वर्षातून काही काळ सरकारचा मुक्काम, अशी वचने त्यात होती. खंडपीठ आले, अधिवेशनही दर हिवाळ्यात होते. पैशाच्या वचनाचे काय झाले, ते दांडेकर समितीने १९८४ मध्ये दाखवले. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३ हजार १८६ कोटी, त्यात विदर्भाचा वाटा शेकडा ३९. दहा वर्षांनंतरचा अनुशेष मोजला तेव्हा एकूण आकडा १४ हजार कोटींवर गेला आणि विदर्भाचा वाटा निम्म्याच्या जवळ पोहोचला. घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून आहे. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपल्यावर त्यांना वेळेवर मुदतवाढही मिळाली नाही.

मग फुटून निघावे का? इथे जरा बाहेरच्या जगाकडे पाहू. ज्या लंडनमध्ये बाबासाहेब शिकले, त्या ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी मतदान घेऊन युरोपीय संघ सोडायचे ठरवले. शेकडा ५२ विरुद्ध ४८. प्रचारात बसगाडीवर रंगवले होते की युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते दवाखान्यांवर खर्च करू. हा आकडा दिशाभूल करणारा आहे असे त्यांच्याच सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाआधीच सांगितले होते, तरी प्रचार थांबला नाही. प्रत्यक्ष बाहेर पडायला २०२० चा जानेवारी उजाडला. व्यापाराचा करार बाराशेहून जास्त पानांचा झाला. तिथल्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा अंदाज असा की या निर्णयाने देशाची उत्पादकता कालांतराने शेकडा चारने कमी राहील. आणि स्कॉटलंडने तर शेकडा ६२ मतांनी राहायचे म्हटले होते, त्यालाही निघावे लागले. म्हणजे मोठ्याने लहानाला ओढत नेले.

पण आम्हाला जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. वीस-वीस वर्षे ब्रिटनमध्ये राबलेल्या युरोपीय मजुरांना, नर्सबाईंना आणि त्यांच्या लेकरांना आपण इथलेच आहोत असा नवा कागद मिळवण्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करावे लागले. माणूस तोच, घर तेच, कामही तेच. सीमा मात्र बदलली आणि जुना कागद अपुरा ठरला.

कागद अपुरा ठरणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना नव्याने सांगायला नको. आज मोताळ्याचे पोरगे मलकापूरला गाडीत बसते आणि पुण्याला, मुंबईला जाते. शिकायला संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला जाते, कारण बाबासाहेबांचे मिलिंद महाविद्यालय तिथे आहे आणि नागपूरपेक्षा ते जवळही आहे. बुलढाण्याचा जातीचा दाखला आज पुण्याच्या राज्य सरकारी नोकरीत चालतो, कारण राज्य एक आहे. उद्या विदर्भ वेगळा झाला तर? सर्वोच्च न्यायालयाचा जुना दंडक असा की एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला की तिथल्या राज्याच्या आरक्षणाचा हक्क त्याला मिळत नाही. केंद्राच्या नोकरीत चालतो, राज्याच्या नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही मूळ राज्याकडूनच मागायची.

हे पुस्तकी भय नाही. १५ नोव्हेंबर २००० रोजी बिहारमधून झारखंड निघाले. मूळ पाटण्याच्या घराण्यातला, पण हजारीबागेत वाढलेला एक अनुसूचित जातीचा उमेदवार झारखंडच्या नागरी सेवा परीक्षेत उत्तीर्ण झाला. "तू बिहारचा" म्हणून त्याची नेमणूक नाकारली. पंकज कुमार या नावाने गाजलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निकाल दिला की अशा माणसाला दोनपैकी एका राज्यात आरक्षण मागता येईल, दोन्हीकडे नाही. न्याय मिळाला, पण राज्य होऊन वीस वर्षे उलटली होती. चाळीत राहणाऱ्या कामगाराने वीस वर्षे वकिलाची फी कुठून द्यावी?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध आहेत, शेकड्याला सहाच्या आत. विदर्भात हे प्रमाण दुपटीहून अधिक. २८८ च्या सभागृहात विदर्भाचे आमदार ६२. त्या ६२ च्या सभागृहात आपल्या मताला आजच्यापेक्षा जास्त वजन येईल, यात शंका नाही. मात्र वजन आले म्हणजे जुलूम थांबतो असे कुणी समजू नये. २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी विदर्भातच, भंडारा जिल्ह्यात घडले.

आणि पैसा? कोळसा पूर्वेकडे, कोराडी नि चंद्रपूरची वीज पूर्वेकडे, जंगल पूर्वेकडे. आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. सिंचनाचा अनुशेष सर्वांत जास्त रेंगाळला तो अमरावती विभागात, त्यात बुलढाणा आहेच. नांदुरा तालुक्यातले जिगाव धरण सुरुवातीला सुमारे चारशे कोटींचे होते. ते दहा हजार कोटींच्या पलीकडे गेले तरी पुरते झाले नाही. आता वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दहून ४२६ किलोमीटर आणून आपल्या उशाच्या नळगंगेत सोडायचे ठरले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी ८७ हजार ३४२ कोटींची मान्यता दिली. कालवा विदर्भातून विदर्भातच जातो, पण तिजोरी मुंबईची आहे. राज्य तुटले तर हे बिल कोण भरणार? मुंबईने नागपूरशी जे केले, तेच नागपूरने बुलढाण्याशी करू नये यासाठी कोणता करार लिहून ठेवणार? तेलंगण २ जून २०१४ रोजी झाले. हैदराबाद दहा वर्षे दोघांची राजधानी राहिली, ती मुदत २०२४ मध्ये संपली तरी मंडळे-महामंडळांच्या मालमत्तेची वाटणी पुरी झाली नव्हती.

आमचे मत विचाराल तर छोट्या राज्याला आमचा विरोध नाही. बाबासाहेबांच्या युक्तिवादात आजही जीव आहे. पण वाटणीच्या कायद्यात दाखला, शिष्यवृत्ती, जात पडताळणी आणि दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन यांचे कलम आधी लिहून हवे. नाहीतर बिहार-झारखंडचा फेरा आपल्या पोरांच्या नशिबी आहे.

तोवर एक काम करा. जात प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी घराणे कुठे राहत होते याचा पुरावा लागतो. त्या दिवशी मोताळा मध्यप्रदेशात होते. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा, जे असेल ते काढून ठेवा. त्यावर मध्यप्रदेश लिहिलेले दिसले तर घाबरू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून त्यात खाडाखोड तर मुळीच करू नका. माय-बहिणींनी माहेरचे कागदही मागून घ्यावेत. लग्नानंतरही दाखला वडिलांच्या बाजूनेच निघतो. आणि वेगळ्या विदर्भाची सभा मोताळ्यात झाली की उठून या कलमाबद्दल विचारा. आम्ही दोन सभांत विचारले, दोन्ही ठिकाणी वक्ते कोळसा आणि विजेवर बोलत राहिले.