मित्राचे लग्न काठमांडूत, सिकलसेलचे कार्ड तुमसरात

नागपूरच्या कॉलेजात सोबत शिकलेल्या नेपाळी मित्राची लग्नपत्रिका मोबाईलवर येते आणि तुमसरमधले चार-पाच जण लगेच हिशेब मांडायला बसतात. परदेश असला तरी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालते. नागपूरहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौलीची सीमा ओलांडली की पुढे बस. लग्नात बँडबाजा, दूर्वांच्या माळा आणि रात्रभर जागरण असतेच. पण एवढ्या लांब जाऊन नुसते लग्न जेवून परत कोण येतो? मग पोखरा ठरते, आणि घरातल्या थोरांच्या आग्रहाने मुक्तिनाथही.

बॅगेत तापाच्या, उलटीच्या गोळ्या जातात, ओआरएसची पाकिटे जातात. सिकलसेलचे कार्ड मात्र घरच्या कपाटातच राहते. पूर्व विदर्भात हे कार्ड आठवते ते स्वतःच्या लग्नाच्या वेळी, आणि तेही सगळ्यांना नाही. वर-वधू दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे आता बऱ्याच घरांत माहीत झाले आहे. पण दुसऱ्याच्या लग्नाला जाताना कार्डाचे काय काम, असेच कोणालाही वाटेल.

काम पडते ते मुक्तिनाथच्या उंचीमुळे. तुमसर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरही उंच नाही. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर, पोखरा त्याहूनही खाली. तिथवर काहीच त्रास होत नाही. पण पोखऱ्याहून छोट्या विमानाने वीस-पंचवीस मिनिटांत जोमसोमला, म्हणजे सुमारे २,७०० मीटरवर उतरायचे, तिथून जीपने मुक्तिनाथ गाठायचे आणि सुमारे ३,७०० मीटरवर उभे राहायचे. सकाळी पोखऱ्यात चहा घेतलेला माणूस दुपारी अशा ठिकाणी पोचतो जिथे प्रत्येक श्वासात प्राणवायू जवळपास एक तृतीयांशाने कमी असतो. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे हा विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो.

सिकलसेलचा वाहक, म्हणजे अहवालात 'एएस' लिहिलेला माणूस, एरवी निरोगीच असतो. शेतात राबतो, चिखला-डोंगरीच्या मँगनीज खाणीत काम करतो, त्याला आजार असा नसतो. पण त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनचा साधारण ३५ ते ४० टक्के भाग सदोष असतो. प्राणवायू फार कमी झाला की हा भाग आत गोठल्यासारखा घट्ट होतो आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. पहिला फटका प्लीहेला बसतो, कारण तिथे रक्त संथ वाहते आणि प्राणवायू मुळातच कमी असतो. वाकड्या पेशी अडकतात, रक्तपुरवठा तुटतो आणि प्लीहेचा तेवढा भाग मरतो. उंचावर गेलेल्या भारतीय तरुणांमध्ये असे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि काहींना आपण वाहक आहोत हे त्या दिवशीच कळले.

हे दुर्मिळ आहे, हेही स्पष्ट सांगायला हवे. असंख्य वाहक डोंगर चढून सुखरूप परततात. अडचण अशी की ज्याच्यावर वेळ येते त्याचा त्रास ओळखूच येत नाही. डाव्या बरगडीखाली जोराची कळ, ती डाव्या खांद्याकडे जाते, उलटी, थोडा ताप. सोबतचे म्हणतात, लग्नातले जेवण बाधले, गॅस झाला. त्याला अॅसिडिटीची गोळी देऊन तिथेच झोपवले जाते. खरे तर अशा वेळी ताबडतोब खाली उतरवणे, प्राणवायू देणे, शिरेतून सलाईन लावणे आणि पोखऱ्याच्या रुग्णालयात सोनोग्राफी करणे गरजेचे असते. तिथल्या डॉक्टरांना 'सिकलसेल' हा शब्द नवा नाही. नेपाळच्या तराईतील थारू समाजात हा दोष बराच आढळतो. फक्त तो शब्द रुग्णाने किंवा सोबत्याने उच्चारला पाहिजे.

'एसएस', म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलग्रस्त व्यक्तीची गोष्ट वेगळी. तिने काठमांडूचे लग्न डॉक्टरांना विचारून, हायड्रॉक्सीयुरिया न चुकवता, भरपूर पाणी पीत जरूर करावे. मुक्तिनाथ मात्र टाळावे. मंदिरामागे १०८ धारांचे बर्फासारखे पाणी अंगावर घेण्याची प्रथा आहे. उंची आणि गारठा एकदम आल्यावर असह्य वेदनांचा झटका यायला आणखी काही लागत नाही. वाहकांनीही त्या धारांखाली जाण्याऐवजी ते पाणी डोक्याला लावून घेतले तर देव रागावणार नाही.

वाहकाने मुक्तिनाथला जायचेच असेल तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निघू नये. रात्रभराचे जागरण, दारू आणि दिवसभरात प्यायलेले ग्लासभर पाणी, अशा शरीराने विमानात बसणे म्हणजे त्रासाला निमंत्रण. एक-दोन दिवस पोखऱ्यात, मग जोमसोम किंवा जवळच्या मार्फा या सफरचंदांच्या गावी दोन रात्री. मुक्तिनाथला जीपनेच जावे, पायऱ्या सावकाश चढाव्यात आणि झोपायला पुन्हा खाली यावे. त्यापुढचा ५,४१६ मीटरचा थोरांग ला हा ट्रेकरांचा आवडता घाट वाहकांनी सोडलेला बरा.

चाचणी सोपी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर पुढची तपासणी करून 'एएस' की 'एसएस' ते ठरते. तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात याची विचारणा करता येईल. सरकारी यंत्रणेत यासाठी पैसे लागत नाहीत. पक्का अहवाल यायला काही दिवस जातात, म्हणून पत्रिका आली त्याच आठवड्यात नमुना द्यावा. ज्यांची चाचणी शाळा-कॉलेजात आधीच झाली आहे त्यांनी कार्ड शोधून त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा, आणि एक प्रत सोबत येणाऱ्या मित्राच्या मोबाईलमध्येही, कारण कळ आल्यावर बोलायचे त्यालाच असते.