घरातला राऊटर कोणाचा? (लेखांक ६)

आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. त्याचा परिणाम घरबसल्या तपासता येतो. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’ शोधा. तिथला आकडा १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानचा असेल, तर तुमच्या कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही. कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. यालाच सीजीनॅट म्हणतात. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरून तुमच्या घरी मात्र कोणाला थेट येता येत नाही. नाशिकच्या घरात फोटोंचा सर्व्हर लावून अमेरिकेतल्या मुलीला तो उघडून द्यायचा म्हटलं, की गाडी इथेच अडते.

पत्त्यांची टंचाई खरी आहे, म्हणून सीजीनॅटबद्दल मी कंपन्यांना फार दोष देणार नाही. ॲडमिन पासवर्ड दडवून ठेवण्याचं मात्र समर्थन करता येत नाही. ग्राहकाला फक्त वाय-फायचं नाव बदलता येतं. बाकी सगळं कंपनी टीआर-०६९ या व्यवस्थेतून दुरूनच हलवते. सुरक्षेसाठी हे लागतं, असं सांगितलं जातं. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली, ती याच देखभालीच्या दारावर झालेल्या हल्ल्याने.

त्याच वर्षी १ ऑगस्टपासून जर्मनीत नवा कायदा लागू झाला होता. कंपनीचं नेटवर्क भिंतीवरच्या सॉकेटपाशी संपतं. त्यापुढचा राऊटर ग्राहकाच्या पसंतीचा, आणि जोडणीसाठी लागणारी माहिती कंपनीने न मागता द्यायची. हद्द कुठे आखायची, एवढाच प्रश्न होता, आणि त्यांनी ती योग्य जागी आखली.

तिथे फ्रायफुंक या नागरिकांनी उभारलेल्या वाय-फाय जाळ्याची चळवळ मात्र कायद्याची वाट पाहत थांबली नव्हती. एकीकरणानंतर पूर्व बर्लिनच्या काही भागांत फायबर टाकली गेली आणि तिच्यामुळेच पुढे तिथे तांब्याच्या तारेवरून चालणारं डीएसएल मिळेना. मग लोकांनी गच्च्यांवर अँटेना लावल्या, राऊटरमध्ये मुक्त सॉफ्टवेअर घातलं आणि शेजाऱ्याचा डेटा पुढच्या शेजाऱ्याकडे पोचवायला सुरुवात केली. बाहेरची लाइन तुटली तरी वस्तीतल्या वस्तीत संदेश जात राहतात, हे त्याचं खरं मोल. अनोळखी माणसाने आपल्या वाय-फायवरून काही गैर केलं, तर मालकावर बालंट येई. म्हणून अनेक गटांनी डेटा व्हीपीएनने परदेशातून फिरवला. २०१७ मध्ये कायदा बदलला तेव्हा ही टांगती तलवार बरीचशी दूर झाली. दर टप्प्याला वेग घटतो, आणि इंटरनेटला जोडायला कुणाची तरी लाइन लागतेच, हेही खरं.

आपल्याकडे सीजीनॅटवर सर्वांत जवळचा उपाय आयपीव्ही६ आहे. त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. पण बाहेरून येणारी जोडणी राऊटरची फायरवॉल सहसा अडवते, आणि ती उघडायला ॲडमिन पासवर्डच लागतो. म्हणून कंपनीकडे आधी ‘ब्रिज मोड’ मागा, म्हणजे त्यांचा डबा नुसता सिग्नल पुढे देईल आणि बाकीचं काम तुमचा राऊटर करेल. मागणी ईमेलने, लेखी करा. असा राऊटर निवडताना काय पाहायचं, ते पुढच्या भागात.