पिल्लू जेवत का नाही?

पावसाळा सरत आला की आमच्या चकलांब्यात विहिरीच्या काठाला, कडब्याच्या गंजीखाली सापाची पिल्लं दिसू लागतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्यानं असंच एक पिल्लू धरून आणलं. करंगळीपेक्षा बारीक, हातभर लांब. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलं, झाकणाला भोकं पाडली आणि चौथ्या दिवशी रडवेला होऊन माझ्याकडं आला. म्हणाला, "चाचा, ये कुछ खाताच नै."

बरणीत बघतो तर भाकरीचा चुरा, उकडलेल्या अंड्याचा बलक, एक मेलेला नाकतोडा. आणि बाटलीच्या टोपणात दूध.

ते दूध बघून माझ्या पोटात गोळा आला. मी त्याच्याएवढा असताना नागपंचमीला शेजारच्या मावश्यांबरोबर वारुळाला जायचो. वाटीतलं दूध तिथं ओतलेलं बघितलं होतं, म्हणून सापाचं जेवण म्हणजे दूध हे डोक्यात पक्कं बसलं. पुढं एक पिल्लू सापडलं, ते काही केल्या पीत नव्हतं. मग पेनात शाई भरायच्या ड्रॉपरनं मी ते त्याच्या तोंडात सोडलं. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेलं. मळ्यात पुरताना मला वाटलं, दूध कमी पडलं.

मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस, प्राणिशास्त्राशी माझा संबंध नाही. पण या खेपेला शहाणपण सुचलं. मोबाइलवर फोटो काढून गेवराईच्या एका ओळखीच्या सर्पमित्राला पाठवला. तो म्हणाला, धामण दिसतेय, तरी बरणी उघडू नका, मी येतो. त्याचं बरोबर होतं. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत भले भले फसतात, आणि घोणशीचं पिल्लू तर जन्मतःच विष घेऊन येतं. पुतण्यानं ते उघड्या हातानं उचललं होतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून त्यानं जे सांगितलं ते असं. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा शिल्लक असतो. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, बहुतेक पिल्लं तोंडाला काही लावत नाहीत. आपल्याला वाटतं उपाशी आहे, त्याचं पोट तर भरलेलं असतं. कात टाकायच्या आधी डोळे निळसर, धुरकट होतात, नीट दिसत नाही. तेव्हाही साप खात नाही. शिवाय त्याचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. ऊब मिळाली तरच अन्न पचतं. गारठ्यात खाल्लं तर उलटून पडतं. आणि चारी बाजूंनी काच, वरून टकटक करणारी पोरं, अशा ठिकाणी भ्यालेला जीव काय जेवेल?

दुधाचं तर विचारूच नका. साप सस्तन प्राणी नाही. दूध पचवायची सोयच त्याच्या पोटात नाही. गारुड्याचा नाग दूध पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेलं असतं. तहानेनं व्याकूळ जीव समोर येईल ते पितो. सापाची श्वासनलिका तोंडातच, जिभेजवळ उघडते. ड्रॉपरनं सोडलेलं दूध सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. हे ऐकताना मी मान खाली घालून बसलो होतो. चाळीसेक वर्षांनी मला त्या पिल्लाच्या मरणाचं कारण कळत होतं.

परदेशात लोक हौसेनं अजगराची छोटी जात, मक्याच्या शेतातला साप वगैरे पाळतात. त्यांनाही पिल्लांच्या उपासाचा ताप असतोच. ते पिल्लाला लहानशा अंधाऱ्या डबीत उबेला ठेवतात, त्याच्या अंगाच्या जाडीपेक्षा मोठं नाही असं उंदराचं मेलेलं पिल्लू कोमट करून आत सोडतात, आणि रात्रभर तिकडं फिरकत नाहीत. तरी ऐकलं नाही तर उंदराला पालीसरड्याचा वास चोळतात, कारण काही पिल्लांना जन्मतः तोच वास भक्ष्याचा वाटतो. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही.

"मग आपण तसं करू की," पुतण्या म्हणाला. सर्पमित्रानं त्याला जवळ बसवून समजावलं. आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आणि धामणीच्या पिल्लाला हवेत लहान बेडूक. ते विहिरीच्या काठाला हवे तेवढे आहेत, फक्त बरणीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही तिघं मळ्यात गेलो. बरणी आडवी केली. पिल्लू बराच वेळ आतच बसून राहिलं, जीभ तेवढी आतबाहेर. पुतण्या पुढं सरकायला लागला तसं मी त्याचा दंड धरला. मग ते एकदम सुटलं आणि हरळीत दिसेनासं झालं.

"भूक लगी तो?" त्यानं विचारलं. तेवढ्यात विहिरीत काहीतरी डुबुक्कन पडलं. मी त्या आवाजाकडं बोट दाखवलं.

बरणी घासूनपुसून लख्ख केली होती. पण भावजयीनं ती पुन्हा स्वयंपाकघरात घेतली नाही.