गटवार बेरीज

सकाळी ९. डबा टेबलावर ठेवतोय तोच साखर कारखान्याच्या शेतकी विभागातून फोन. "साहेब, दोन दिवसांचा रिपोर्ट काढला, तर प्रत्येक गट दोनदा आलाय. पाचच्या मीटिंगला नीट हवाय."

९.३०. स्क्रिप्ट पर्लची, माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली. जुनी म्हणून हिणवायचं कारण नाही. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल आणली ती असल्याच रिपोर्टांसाठी.

१०.१५. दुखणं सापडलं. काटापावत्या आधी तारखेने, मग गटाने लावून येतात. गट बदलला की स्क्रिप्ट मागच्याची बेरीज छापते आणि नवा मथळा काढते. एका दिवसापुरतं हे चालून गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गट एकपासून सुरुवात.

११. पावत्या हॅशमध्ये टाकल्या. किल्ली गट क्रमांक, आत त्या गटाच्या पावत्यांची यादी. कप्पे आधी मांडून ठेवायला नकोत. पहिली पावती आली की पर्लच कप्पा करून देते. याच सोयीसाठी मी ही भाषा सोडत नाही.

११.२०. ब्राउझरमधलं रिपोर्टाचं पान रिफ्रेश केलं, गटांचा क्रम बदलला. पुन्हा केलं, पुन्हा बदलला. हॅशला क्रम नसतोच. सॉर्ट लावलं, तर गट १० हा गट २ च्या आधी. आकड्यांची तुलना अक्षरांसारखी झाली! आकड्यांनुसार सॉर्ट सांगितल्यावर रांग लागली.

१२.३०. गटाचं नाव एकदाच, उभ्या लांब चौकटीत. अशी चौकट करणाऱ्या रोस्पॅनला किती ओळी ते आधीच सांगावं लागतं. यादी हातात असल्याने ती मोजली की झालं.

१.३०. जेवण. मेथीची भाजी.

३. पडताळा. नव्या रिपोर्टातल्या गटांच्या बेरजा काट्याच्या एकूण टनेजशी जुळल्या. मग सहज जुना रिपोर्ट शेजारी ठेवला, आणि थबकलो. शेवटचा गट गेटकेनचा, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरच्या उसाचा. त्याची बेरीजच नाही. बेरीज गट बदलल्यावर छापायची. शेवटच्यानंतर बदलायला गटच नाही. तळाची एकूण बेरीज वेगळ्या क्वेरीतून यायची, म्हणून ती मात्र बरोबर.

४.४०. रिपोर्ट पाठवला, गेटकेनचंही कळवलं. पलीकडून उत्तर आलं, "हो का? आम्ही ती कॅल्क्युलेटरवर करायचो."